मराठी वेबसाइट करताना कुठला प्रश्न कुठे शोधायचा

सांगली-साताऱ्यात पहिली वेबसाइट हाती घेणाऱ्यांना साधनांची वाण नाही. अडतं ते कुठल्या अडचणीला कुठे जायचं, इथे. सर्चमध्ये प्रश्न टाकायचा, वर येईल ते पान उघडायचं आणि त्यातला कोड चिकटवायचा, या सवयीत दिवस जातो आणि हाती जुनं उत्तर लागतं. म्हणून एक काम समोर ठेवू. तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्याला रोजचे दर दाखवणारं मराठी पान हवंय आणि ते मुख्यतः मोबाइलवर वाचलं जाणार आहे. हे काम करताना ज्या क्रमाने अडचणी येतात, त्याच क्रमाने साधनं पाहू.

एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टसाठी पहिला आधार एमडीएन वेब डॉक्स ही संदर्भाची साइट. टॅग किंवा फंक्शनचं नाव आणि पुढे एमडीएन एवढंच सर्चमध्ये लिहा. पान उघडलं की आधी वरची बेसलाइनची खूण बघा, ती सोय किती ब्राउझरांत चालते ते तिच्यावरून कळतं. ‘वाइडली अव्हेलेबल’ असेल, तर ती सोय सगळ्या प्रमुख ब्राउझरांत येऊन किमान अडीच वर्षं झालीत. ती बिनधास्त वापरा. ‘न्यूली अव्हेलेबल’ असेल तर थांबा. गावाकडे जुने फोन बरेच असतात आणि त्यांतले ब्राउझर अपडेट झालेलेच असतील असं नाही. अशा वेळी कॅन आय यूज या साइटवर त्या सोयीचं नाव टाकलं की कुठल्या ब्राउझरच्या कुठल्या आवृत्तीपासून ती चालते ते कळतं. डब्ल्यूथ्रीस्कूल्स पहिल्या ओळखीला ठीक आहे, पण वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेशी त्या साइटचा संबंध नाही. खोलात जायचं तर एमडीएनच.

वीज किंवा नेट जातं तेव्हा काम अडू नये म्हणून डेव्हडॉक्स या साइटवरची संदर्भाची पानं आजच उतरवून ठेवा. साइट उघडा, मेनूतून ऑफलाइन डेटाच्या पानावर जा आणि हव्या त्या विषयासमोर इन्स्टॉल दाबा. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट आणि सर्व्हरवर चालणारी पीएचपी ही भाषा एवढं पुरे, सगळंच उतरवायच्या फंदात पडू नका. हा साठा ब्राउझरमध्येच राहतो. त्यामुळे ब्राउझरचा डेटा साफ केला की तोही जातो, आणि कॉलेजच्या लॅबमधल्या सामायिक संगणकावर नेमकं हेच होतं. स्वतःच्या लॅपटॉपवर झील हे वेगळं सॉफ्टवेअर टाकलं तर ही भीती राहत नाही.

आता देवनागरी. यावर सर्वांत कमी लिहिलं जातं आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

पानाच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषा ‘एमआर’ आणि हेडमध्ये कॅरॅक्टर सेट ‘यूटीएफ-८’ लिहा. भाषा सांगितली की स्क्रीन रीडरला कुठल्या उच्चाराने वाचायचं ते कळतं, आणि ज्या फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणं वेगळी दिलेली असतात तिथे तीच वळणं दिसतात. फाँट गूगल फाँट्सवर मिळतील. तिथल्या भाषेच्या फिल्टरमध्ये देवनागरी निवडा. मजकुराला मुक्त किंवा नोटो सॅन्स देवनागरी, ठसठशीत मथळ्याला बलू २. तिरो देवनागरी मराठी हा फाँट हिंदीसाठीच्या तिरोहून वेगळा काढलेला आहे, पुस्तकी वळण हवं असेल तर तो घ्या. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटच्या फाइली जड असतात, म्हणून दोनच जाड्या घ्या: ४०० आणि ७००. ७००ची फाइल घेतलीच नाही तर ब्राउझर स्वतःच अक्षर फुगवून खोटं ठळक करतो आणि बारीक मात्रा बुजतात.

इंग्रजीसाठी बनलेल्या तयार थीममध्ये मथळ्यांना आणि बटणांना लेटर-स्पेसिंग दिलेलं असतं. मराठीत त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. मराठी मजकुरासाठी ते शून्य करा. लाइन-हाइट १.६च्या खाली आणू नका, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात.

जावास्क्रिप्टमध्ये ‘सांगली’ या शब्दाची लेंग्थ ६ येते, कारण काना, अनुस्वार आणि वेलांटी वेगळी मोजली जातात. आपण वाचतो ती अक्षरं ३. शब्द मधेच कापायचा असेल किंवा अक्षरांची मर्यादा दाखवायची असेल, तर इंटल डॉट सेगमेंटर वापरा. त्याची माहिती एमडीएनवर आहे. दर दाखवायला इंटल डॉट नंबरफॉरमॅटला ‘एमआर-आयएन’ दिलं की १,२५,००० असे मराठी आकडे लाख-हजारांच्या स्वल्पविरामांसह मिळतात. फॉर्ममध्ये मात्र उलटा घोळ होतो. शेतकऱ्याने मोबाइल नंबर मराठी आकड्यांत भरला की जावास्क्रिप्टची रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकूर ठरल्या साच्यात बसतो का ते तपासणारा नमुना, तो नाकारते, कारण तिच्यातलं ‘बॅकस्लॅश डी’ फक्त इंग्रजी 0 ते 9 ओळखतं. पायथनमध्ये तीच खूण मराठी आकडेही ओळखते. असा फरक रेजेक्स१०१ या नमुने तपासायच्या साइटवर दिसतो: डावीकडे भाषा बदला, तोच नमुना पुन्हा तपासा. उपाय साधा आहे. तपासणीआधी मराठी आकडे इंग्रजीत बदलून घ्या, नंबर चुकीचा म्हणून माणसाला परत पाठवू नका.

डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर टेबल आणि कनेक्शन दोन्हींचा कॅरॅक्टर सेट यूटीएफ८एमबी४ ठेवा. फक्त टेबल बदलून भागत नाही. मजकुराच्या जागी वर तिरकी रेघ असलेली विचित्र रोमन अक्षरं दिसली तर मूळ मजकूर बहुधा परत मिळवता येतो. टेबलमध्येच नुसती प्रश्नचिन्हं साठली असतील तर तो गेला, बॅकअपशिवाय इलाज नाही. छापखान्यातून आलेला मजकूर श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असेल, तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. रूपांतरानंतर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

अडलं की स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रश्नोत्तरांची साइट. उत्तराखालची तारीख बघितल्याशिवाय कोड घेऊ नका. पीएचपीच्या उत्तरात मायएसक्यूएल_क्वेरी दिसलं की पान बंद करा. ते फंक्शन २०१५च्या पीएचपी ७ मध्येच काढून टाकलंय. पीडीओ ही पीएचपीतली डेटाबेसशी बोलायची सोय आणि प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे हुकूम आणि भरलेला मजकूर वेगळे पाठवायची पद्धत, वापरा, नाहीतर शोधाच्या चौकटीतून कोणीही तुमच्या डेटाबेसला हुकूम सोडू शकेल. स्वतः प्रश्न टाकायचा असेल तर चूक दाखवणारा सर्वांत लहान कोड, एररचा जसाच्या तसा मजकूर आणि काय अपेक्षित होतं, एवढं द्या. स्क्रीनचा फोटो टाकू नका, त्यातला कोड कोणाला चालवून बघता येत नाही. एआयला विचारलंत तरी त्याने सुचवलेलं फंक्शन खरंच आहे का, ते एमडीएनवर पडताळा.

पान झालं की कोडातल्या चुका दाखवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या व्हॅलिडेटरमधून काढा, मग पानाचा वेग मोजणाऱ्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये मोबाइलचा निकाल बघा. मुख्य मजकूर दिसायला २.५ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील, तर बहुतेकदा दोष फोटोचा. बागेचा ४ एमबीचा फोटो स्क्वूश या फोटो हलका करणाऱ्या साइटमध्ये टाका, रुंदी १,२०० पिक्सेल करा, वेबपी हा फाइलचा प्रकार निवडा आणि क्वालिटी ७५ ठेवा. फोटो तुमच्या संगणकातून बाहेर जात नाही, काम ब्राउझरमध्येच होतं.

व्यापाऱ्याला नमुना दाखवायला गिटहब पेजेस ही साइट चढवायची सोय फुकट आहे. गिटहबवर पब्लिक रिपॉझिटरी, म्हणजे सगळ्यांना दिसणारा फाइलींचा साठा, करा, फाइली चढवा, सेटिंग्जमध्ये पेजेस उघडून मेन ब्रँच आणि रूट निवडा, सेव्ह करा आणि काही मिनिटं थांबा. ४०४ आला तर इंडेक्स फाइल एखाद्या फोल्डरच्या आत तर नाही ना, ते बघा. फोटो घरी दिसतात आणि तिथे दिसत नाहीत, याची कारणं सहसा दोनच. विंडोजला फाइलच्या नावातलं लहान-मोठं रोमन अक्षर सारखंच, तिथे मात्र वेगळं. किंवा फोटोचा पत्ता तिरक्या रेघेने (/) सुरू केलाय, पण साइट रिपॉझिटरीच्या नावाखाली बसलीय. पीएचपी इथे चालत नाही आणि ऑनलाइन विक्रीला परवानगी नाही. त्यामुळे खऱ्या कामाला होस्टिंग विकत घ्यावंच लागेल. डोमेन घेताना ते व्यापाऱ्याच्या नावावर आणि त्याच्याच ईमेलवर घ्या.

मुळापासून शिकायचं असेल आणि इंग्रजी जड जात असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर छोटे धडे मराठीतून ऐकायला मिळतात. व्हिडिओ थांबवत, त्याच वेळी स्वतःच्या संगणकावर तेच करत पुढे जायचं अशी त्यांची रचना आहे. इंग्रजी वाचता येत असेल तर फ्रीकोडकँपवर ब्राउझरमध्येच सराव होतो आणि प्रमाणपत्रही विनामूल्य मिळतं. वालचंद किंवा कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांनी गिटहबच्या स्टुडंट डेव्हलपर पॅकसाठीही, म्हणजे विद्यार्थ्यांना फुकट मिळणाऱ्या साधनांच्या संचासाठी, अर्ज करावा. त्याला कॉलेजात शिकत असल्याचा पुरावा लागतो, म्हणून ओळखपत्राचा स्पष्ट फोटो आणि कॉलेजचा ईमेल असेल तर तो हाताशी ठेवा.