जैसलमेरजवळची दगड झालेली झाडं मुलांना कशी दाखवावीत

आकलच्या जीवाश्म उद्यानाची तयारी पुण्यातच सुरू करा. जाण्याआधी मुलांना भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये न्या. तिथे कापलेल्या ओंडक्याची साल, गाठ, वर्षवलयं आणि रेषा बोटाने दाखवा. ही ओळख नसेल तर आकलला गेल्यावर मुलांना नुसते तपकिरी दगड दिसतात आणि पाच मिनिटांत 'चला ना' सुरू होतं. आपल्या पर्वती-तळजाईवर असं काही सापडत नाही, कारण इथला काळा बेसॉल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी याच काळात जा. जोधपूरहून जैसलमेर रस्त्याने पाच-सहा तासांवर आहे, तेव्हा मुक्काम जैसलमेरलाच करा. तिथून बारमेर रस्त्याने आकल साधारण १७ किमी. सम वाळूच्या टेकड्या वेगळ्याच दिशेला, साधारण ४० किमीवर आहेत. दोन्ही एका दुपारीत कोंबू नका, घाईत आकलचाच बळी जातो.

गेट उघडण्याची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा आणि शक्य तितक्या सकाळी पोहोचा. ओंडके लोखंडी जाळीत, पत्र्याच्या छपराखाली आहेत. सकाळचं तिरपं ऊन छपराखाली शिरतं आणि लाकडाच्या रेषा उठून दिसतात. दुपारी बाहेर लख्ख ऊन आणि आत काळोख, त्यामुळे डोळ्यांना धड काही दिसत नाही. फोटो काढताना मोबाइलची लेन्स जाळीच्या भोकाला टेकवा, नाहीतर फोकस जाळीवरच बसतो.

झाडं उभी नाहीत, आडवी पडलेली आहेत, हे मुलांना आधीच सांगा. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी इथे दमट हवेतलं जंगल होतं. खोडं गाळात गाडली गेली, भूजलातली सिलिका (वाळूत असतं तेच खनिज) पेशीपेशीत भरली आणि लाकडाचा दगड झाला. आकार मात्र तसाच राहिला. एकाच ओंडक्यापाशी दहा मिनिटं बसा आणि टिंबर मार्केटमध्ये पाहिलेली गाठ मुलांनाच शोधू द्या. बाकीचे भरभर पाहिले तरी चालतील.

माणशी दोन लिटर पाणी, टोपी, बंद बूट (काटे फार), पहाटेसाठी स्वेटर आणि तिकिटाला सुटे पैसे जवळ ठेवा. खाऊही बरोबर न्या.

जमिनीवर छोटे तुकडे विखुरलेले दिसतील. हातात घेऊन पाहण्याचा मोह मुलांना होणारच, पण एकही तुकडा खिशात येऊ देऊ नका. हे राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. निघण्यापूर्वी मुलांचे खिसे एकदा तपासा.