छागलांवर भाषण बसवायचंय? मग असं बसवा

सप्टेंबर आला की मुक्तिसंग्राम दिनाच्या वक्तृत्व स्पर्धा सुरू होतात आणि विषयांच्या यादीत न्यायक्षेत्रातलं व्यक्तिमत्त्व असला एखादा विषय असतोच. पोरं लगेच रामशास्त्री नाहीतर न्यायमूर्ती रानडे घेतात. चांगलंच आहे, पण परीक्षक ते ऐकून ऐकून कंटाळलेत हो. त्यापेक्षा एम. सी. छागला घ्या. हायकोर्टाचा मुख्य न्यायाधीश, मग राजदूत, मग केंद्रात मंत्री, आणि मधेच थोडे दिवस राज्यपाल पण, आणि त्या थोड्या दिवसांतच आपल्या मराठवाड्याचा संबंध येतो, ते खाली सांगतो.

आधी सनावळी एका कागदावर उतरवून काढा, स्टेजवर म्हणायला नाही, नुसती डोक्यात बसायला. जन्म ३० सप्टेंबर १९००, मुंबई, खोजा मुस्लिम घर. ऑक्सफर्डला शिक्षण, १९२२ ला बॅरिस्टर, परत आल्यावर काही वर्षं जिन्नांच्या चेंबरमधे काम, पण राजकारणात नेहरू रिपोर्टवरून (१९२८ चा राज्यघटनेचा आराखडा) दोघांचं फाटलं ते फाटलंच. मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात शिकवलं, बाबासाहेब आंबेडकर पण तिथं शिकवायचे. १९४१ ला मुंबई हायकोर्टाचे जज, स्वातंत्र्यानंतर मुख्य न्यायाधीश ते १९५८ पर्यंत. पुढं अमेरिकेत राजदूत, १९६२-६३ ला लंडनला हाय कमिशनर, १९६३ ला शिक्षणमंत्री, १९६६ ला परराष्ट्रमंत्री, १९६७ ला राजीनामा. गेले ९ फेब्रुवारी १९८१ ला. एवढं पाठ झालं की कागद घडी घालून खिशात. हीच यादी माइकवर वाचणारे लै बघितलेत, तिसऱ्या पदापर्यंत परीक्षक चहा मागवायलेत.

सुरुवात जन्मापासून करू नका. १ नोव्हेंबर १९५६ पासून करा. त्या दिवशी निजामाच्या हैदराबाद राज्यातून आलेले औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले (लातूर, जालना हे जिल्हे तेव्हा नव्हतेच, हे परीक्षक मुद्दाम विचारतात), यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले, आणि राज्यपालाच्या खुर्चीत होते छागला. ऑक्टोबर ते डिसेंबर १९५६, प्रभारी म्हणून. प्रभारी हा शब्द गाळू नका, गाळला की समोरचा वकील लगेच पकडतो. हॉलमधल्या माणसाला आपल्या जिल्ह्याचं नाव ऐकू आलं की तो मोबाईल खाली ठेवतो, मग पुढचं सगळं ऐकतो.

मग दोनच प्रसंग घ्या, जास्त नको, पण सावकाश सांगा. पहिला टिळकांचा. १९०८ ला मुंबई हायकोर्टात ज्युरीनं टिळकांना दोषी ठरवलं, सहा वर्षांची शिक्षा झाली, मंडालेला पाठवलं. निकालानंतर टिळक कोर्टात जे बोलले तेच शब्द दगडावर कोरून छागलांनी जुलै १९५६ मधे त्याच कोर्टरूमबाहेर बसवले, आणि उद्घाटन कुणी केलं तर खुद्द मुख्य न्यायाधीशानं, छागलांनीच, म्हणजे ज्या कोर्टानं शिक्षा दिली त्याच कोर्टाचा प्रमुख उभा राहून म्हणायला लागला की हा आमच्यावरचा डाग होता. इथं ओरडू नका हो. आवाज खाली आणा, पाटी डोळ्यासमोर उभी करा, आणि टिळकांची वाक्यं म्हणायची असतील तर पाठ करून म्हणा, अर्धवट आठवून आपल्या मनाची घालू नका.

दुसरा मुंध्रा प्रकरणाचा. सरकारी विमा कंपनी एलआयसीनं हरिदास मुंध्रा या उद्योगपतीच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपास रुपयांचे शेअर घेतले, काँग्रेसचेच खासदार फिरोज गांधींनी लोकसभेत प्रश्न काढला, छागलांचा एकसदस्यीय आयोग बसला. चौकशी उघड, ऐकायला इतकी गर्दी की बाहेर लाउडस्पीकर लावावे लागले, आणि महिनाभराच्या आत अहवाल तयार! अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना फेब्रुवारी १९५८ ला जावं लागलं. आजकालचे आयोग किती वर्षं चालतात ते तुम्ही बोलायची गरज नाही, लोक आपोआप हसतात.

आता अवघड जागा. ही गाळलीत तर भाषण आरती होतं. छागला पहिल्या विधी आयोगाचे (कायद्यात, न्यायव्यवस्थेत सुधारणा सुचवणारा सरकारी आयोग) सदस्य होते, अध्यक्ष तेव्हाचे ॲटर्नी जनरल एम. सी. सेटलवाड, आणि त्या आयोगानं १९५८ लाच सांगितलं की निवृत्तीनंतर जजनं सरकारी पद घेऊ नये. अन् त्याच वर्षी छागला राजदूत म्हणून वॉशिंग्टनला! सेटलवाडांना हे अजिबात पटलं नाही. मला पण नाही पटत, पण तुम्ही निकाल देऊ नका, दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा आणि दोन सेकंद गप्प बसा. ज्यानं नुकतीच अर्थमंत्र्याची खुर्ची घालवली त्यालाच त्याच सरकारनं राजदूत केलं, हेही बोला म्हणजे प्रश्न एकतर्फी राहत नाही.

परदेशातली वर्षं पटकन उरका. एकच गोष्ट ठेवा, १९६४ ला सुरक्षा परिषदेत काश्मीरवर समोर पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री भुट्टो आणि इकडून शिक्षणमंत्री छागला, जुना बॅरिस्टर तिथं कामी आला. देशाच्या शिक्षणाचा विचार करणारा कोठारी आयोग त्यांच्याच काळात नेमला गेला, डीएडची पोरं स्पर्धेत असली तर हे एक वाक्य ठेवाच. १९६७ चा राजीनामा मात्र नीट सांगा, परराष्ट्रमंत्री असूनही उच्च शिक्षणाच्या माध्यमावरून सोडलं, इंग्रजी घाईनं काढू नका हे त्यांचं म्हणणं. आपल्याकडं मराठी माध्यमाची पोरं समोर बसलेली असतात, त्यांना हे टोचेल, टोचू द्या.

घड्याळ लावून तालीम करा. वेळ कमी पडायला लागली तर लंडन कापा, टिळकांना हात लावू नका. आणि प्रश्नोत्तरात हमखास येतो तो प्रश्न, छागलांचा मुंबई हायकोर्टाच्या आपल्या औरंगाबाद खंडपीठाशी संबंध काय? काही नाही. औरंगाबादला खंडपीठ ऑगस्ट १९८१ ला बसलं, ते फेब्रुवारीतच गेले होते. एवढं सरळ सांगा आणि बसा खाली.