प्रतिनिधीचा अधिकार काढल्यावर पहिले पत्र ग्राहकांना पाठवा

वसुली किंवा विक्रीसाठी नेमलेल्या प्रतिनिधीचा अधिकार आपण काढून घेतला, तरी ज्या ग्राहकांना ते ठाऊक नाही त्यांच्याशी त्याने आपल्या नावाने केलेला व्यवहार बहुधा आपल्यावरच बंधनकारक ठरतो.

1. ज्यांच्याशी तो प्रत्यक्ष व्यवहार करीत असे, त्या सर्वांना त्याच दिवशी लेखी कळवावे आणि पत्र पोहोचल्याचा पुरावा जपून ठेवावा. केवळ कार्यालयातील आदेश बाहेरच्यांना लागू पडत नाही.

2. ओळखपत्र, पावतीपुस्तक, शिक्का व कोरी लेटरहेड परत घ्यावीत. यांत पावतीपुस्तक सर्वांत धोक्याचे, आणि नेमके तेच मागायचे राहून जाते. न मिळाल्यास त्यातील पावत्यांचे क्रमांक पत्रात नमूद करून त्या रद्द झाल्याचे कळवावे.

3. ज्यांचे पत्ते आपल्याकडे नाहीत, त्यांच्यासाठी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी. मात्र नेहमीच्या ग्राहकांच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नये.

4. दरम्यान त्याने परस्पर एखादा सौदा केल्याचे कळल्यास त्याची रक्कम स्वीकारण्यापूर्वी सल्ला घ्यावा, कारण जाणूनबुजून लाभ घेणे म्हणजे त्या सौद्याला मान्यता देणे असा अर्थ लागू शकतो. अर्थात लाभ न घेतल्याने सुटका होतेच असे नाही: 1912 साली इंग्लंडमधील एका खटल्यात, कारकुनाने स्वतःच्या फायद्यासाठी केलेल्या फसवणुकीबद्दलही वकिलांची फर्म जबाबदार धरली गेली.

पत्रात अधिकार संपल्याची तारीख तेवढी द्यावी. कारण किंवा आरोप लिहिल्यास अब्रुनुकसानीचा दावा आपल्यावरच येऊ शकतो.