नाशिकच्या थेटरातली पब्लिक शोधायची असेल तर

नाशकात सिनेमाचा इतिहास म्हटलं की सगळे फाळक्यांपाशी जाऊन थांबतात. त्र्यंबकेश्वरचा जन्म, 1913 चा पहिला सिनेमा, नंतर नाशकातली कंपनी, पांडवलेणीखालचं स्मारक, संपलं. पण सिनेमा बघणारे कोण होते, पैसे कुठून आणायचे, घरी काय सांगून निघायचे, हे कोणी लिहून ठेवलेलंच नाही आणि ज्यांना माहितीये ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत, त्यामुळे करायचं तर लवकर करा.

‘नाशिकचे प्रेक्षक’ असा भलामोठा विषय मात्र घेऊ नका, जन्मात संपणार नाही. एक थेटर आणि दहा वर्षं घ्या. विजयानंद, सर्कल, मधुकर, हेमलता, कुठलंही चालेल. नाहीतर थेटर सोडा आणि एक वस्ती धरा, म्हणजे समजा नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधले कामगार, ते शिफ्ट सुटल्यावर जायचे का सुट्टीला, बायका-पोरांना न्यायचे का मित्रांबरोबर. मला विचाराल तर वस्तीवालं जास्त भारी निघतं.

सुरुवात जुन्या पेपरांपासून करा. ‘गावकरी’ 1938 पासूनचा आहे आणि सावाना, म्हणजे सार्वजनिक वाचनालय, तर 1840 चं, तिथे किंवा जिथे जुन्या फाइली बघू देतात तिथे जाऊन बसा. सिनेमाच्या जाहिरातीतून तारीख, थेटर, खेळाच्या वेळा, कितवा आठवडा, बायकांसाठी वेगळा खेळ आहे का, एवढं वहीत उतरवा, आणि पान दिसेल असा अख्खा फोटो घ्या, नुसती जाहिरात कापून घेतली तर नंतर तारीख शोधत बसाल. जाहिरात म्हणजे मालकाची बाजू हे विसरायचं नाही. ‘लोकाग्रहास्तव’ छापलंय म्हणून लोकांनी आग्रह केला होता असं काही नसतं! त्यापेक्षा वाचकांची पत्रं वाचा, खुर्च्यांतले ढेकूण, ब्लॅकवाले, शिट्ट्या मारणारी पोरं यांच्या तक्रारी सापडल्या तर तिथे खरी पब्लिक दिसते.

सरकारी कागद कंटाळवाणे पण कामाचे. मुंबई इलाख्यात 1923 च्या कायद्याने तिकिटावर करमणूक कर आला आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी येईपर्यंत तो या ना त्या रूपात चालू होता, म्हणजे तिकिटांचा हिशोब कुठेतरी लिहिला जात होता. कलेक्टर कचेरीत चौकशी करा, माहिती अधिकाराचा अर्ज टाका, थेटरमालकाच्या घरी जुनी रजिस्टरं आहेत का विचारा. फक्त तिकिटं म्हणजे माणसं नव्हेत, एकच पिक्चर पाच वेळा बघणारा त्यात पाच वेळा मोजला जातो आणि पासवर घुसलेला येतच नाही. अजून मागे जायचं असेल तर 1927-28 ची सिनेमॅटोग्राफ कमिटी, म्हणजे इंग्रज सरकारने सिनेमाच्या चौकशीला नेमलेली समिती, बघा, प्रेक्षकांत शिकलेले किती, लहान मुलं किती असे प्रश्न तेव्हा विचारले होते आणि साक्षींचे खंड नेटवर मिळतात. उत्तरं देणारे बहुतेक बडे लोक होते, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

आता खरं काम, माणसांशी बोलणं. ‘काका, तुम्हाला कुठला पिक्चर आवडायचा?’ हे विचारलंत की गेलं, काका दोन हिरोंची नावं घेतात आणि टीव्ही लावतात. त्याऐवजी विचारा की पहिल्यांदा कोणी नेलं, बसायचात कुठे, बाल्कनीत का खाली, इंटरव्हलला काय खायचात, लास्ट शो सुटल्यावर घरी कसे यायचात. आजींना वेगळं, एकटीला गाठून विचारा कारण नवरा समोर असला की तोच उत्तर देतो. आणि ‘आम्हाला जाऊच द्यायचे नाहीत’ असं म्हणाल्या तर वही मिटू नका, का नाही, कोण म्हणायचं, मग गाणी कुठे ऐकायचात, हे सगळं याच इतिहासात येतं.

साल कोणालाच आठवत नाही. नाशकात त्याला सिंहस्थाचा आधार चांगला, 1968, 1980, 1991, 2003, त्याच्या आधी का नंतर, तुमचं लग्न झालं होतं का. बहात्तरचा दुष्काळ आणि 1987 ला टीव्हीवर रामायण आलं तेही चालतं. तरी आठवण आणि पेपर जुळले नाहीत तर माणसाला खोटं पाडू नका, दोन्ही लिहा, कधीकधी ती चुकीची आठवणच जास्त सांगून जाते. डोअरकीपर, ऑपरेटर, पोस्टर चिकटवणारे यांना तर शोधून काढाच, कुठल्या गाण्याला चिल्लर उडायची हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

रेकॉर्डिंग करायच्या आधी विचारा, नाव छापू का तेही विचारा, कारण ब्लॅकचा धंदा केलेला माणूस मोकळा बोलतो आणि नंतर त्याची सून वैतागते. फाइलला तारीख आणि वस्तीचं नाव त्याच दिवशी द्या, आणि एक कॉपी त्यांच्या घरी पेनड्राइव्हवर नेऊन द्या, दुसऱ्या वेळी गेलात की जुनं तिकीट नाहीतर फोटो हमखास बाहेर निघतो.