दोन वर्षांच्या पोराला कासवाची पिल्लं दाखवायला आणताय? मग या चुका टाळा

पहिली चूक फोनवरच होते. “काकू, शनिवारी संध्याकाळी पिल्लं नक्की दिसतील ना? आम्हाला रविवारी सकाळी निघायचंय.” फेब्रुवारी ते एप्रिल आमच्या मंडणगड-दापोलीच्या किनाऱ्यावर, म्हणजे वेळास, आंजर्ले, केळशीकडे, ज्यांच्या घरी पाहुणे उतरतात त्यांना हा फोन पाठ झालाय. बरोबर दीड-दोन वर्षांचं मूल असतं आणि सगळं ‘त्याच्यासाठीच’ चाललेलं असतं. मूल बिचारं काहीच बोललेलं नसतं.

नक्की दिसतील असं कोण सांगणार? ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी रात्री पुळणीवर येते, दीडेक फुटाचा खड्डा करते, शंभराच्या वर अंडी घालते, वाळू लोटून झाकते आणि समुद्रात निघून जाते. परत फिरकत नाही. पहाटे कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारी गावची मंडळी, तिच्या खुणांचा माग काढत घरटं शोधतात आणि अंडी कुंपणाच्या आत, तेवढ्याच खोल खड्ड्यात नेऊन ठेवतात. पिल्लं वर यायला ४५ ते ६० दिवस. वाळू तापलेली असली तर लवकर, गार असली तर उशिरा. म्हणजे पंधरा दिवसांचं मागेपुढे नुसत्या हवेवर अवलंबून. कासव महोत्सवाच्या तारखा कितीही छापल्या तरी अंदाजच तो. सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला घरट्यांवरच्या टोपल्या उचलून बघतात. पिल्लं असली तर सोडतात, नसली तर टोपली पुन्हा खाली.

हे आम्ही फोनवर सांगतो. पाहुणे “हो हो, कळलं” म्हणतात आणि येताना मुलाला पाच तास ‘कासव बघायचं, कासव बघायचं’ करत आणतात. एकदा असेच एक गृहस्थ आले होते. टोपल्या उचलल्या, एकाही घरट्यात हालचाल नव्हती. मुलगा खाली बसून वाळू उपसत होता, मजेत होता. वडील मात्र तापले. “एवढ्या लांबून आलोय, एक घरटं उकरून बघायला काय जातंय?” कासवमित्र पोरगेलासा, कॉलेजात जाणारा. त्याने शांतपणे सांगितलं की अंड्यातून निघालेली पिल्लं लगेच वर येत नाहीत. काही दिवस आतच असतात, सगळी मिळून वाळू खाली सारत वर सरकतात. मध्येच उकरलं तर अर्धवट तयार पिल्लू हाताला लागेल आणि मरेल. गृहस्थ म्हणाले, “मग पैसे कसले घेता?” तेवढ्यात त्यांचा आवाज ऐकून मुलाने भोकाड पसरलं. कासव दिसलं नाही म्हणून नव्हे, बाबा ओरडले म्हणून. रात्री जेवताना वडील सगळ्यांना सांगत होते, “फार हिरमुसला हो तो.”

माझा शिरस्ता सांगते. लहान मूल असेल तर मी एका रात्रीसाठी खोली द्यायला नाखूष असते. दोन रात्री राहा. म्हणजे पहिली संध्याकाळ, मधली सकाळ-संध्याकाळ आणि निघायच्या दिवशीची सकाळ, इतक्या वेळा टोपल्या उचलताना बघायला मिळतं. निघायच्या आदल्या दिवशी गावात फोन करून गेल्या आठवड्यात किती घरटी फुटली ते विचारा. आणि मुलाला आधी कासवाचं नावच काढू नका. ‘वाळूत खेळायला जाऊ’ एवढंच सांगा. वाळू कुठे पळून जात नाही. पिल्लू दिसलं तर त्याला आनंद होईल, नाही दिसलं तर त्याचं काही बिघडत नाही. ज्यांना प्राणी दिसायलाच हवाय त्यांनी खुशाल मुंबईत राणीच्या बागेत जावं. तिथले हम्बोल्ट पेंग्विन २०१७ पासून काचेमागे आहेत, फक्त बुधवारी बाग बंद असते. रत्नागिरीकडे उतरणार असाल तर झाडगावच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्रात मत्स्यालय आहे. दुपारच्या उन्हात तेही बरं. मला राग राणीच्या बागेचा नाही. पुळणीवर येऊन राणीच्या बागेचं तिकीट मागणाऱ्यांचा आहे.

‘हरिहरेश्वर, वेळास, मुरूड, सगळं दोन दिवसांत’ असे बेत घेऊन येणाऱ्यांना मी काही बोलत नाही. पोर गाडीत ओकतं, मग त्यांनाच कळतं. म्हाप्रळहून मंडणगडकडे वर चढणारा आणि पुढे समुद्राकडे उतरणारा रस्ता वळणांचा आहे. निघण्याआधी तासभर दूध पाजू नका. हरिहरेश्वरकडून येणार असाल तर बागमांडल्याहून फेरीबोटीत गाडी घालून सावित्रीची खाडी ओलांडा, पलीकडे वेश्वीला उतरा. मुलं कासवापेक्षा त्या बोटीवर जास्त खूष असतात, हे माझं बघून झालेलं मत.

आता बुटांकडे येते. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

चालताना ज्यांच्या टाचेतून निळे-लाल दिवे लुकलुकतात आणि चीं-चीं आवाज येतो ते बूट. हे बूट ज्याने बाजारात आणले त्याला एकदा संध्याकाळी पुळणीवर उभा करायला हवा. पिल्लं समुद्राकडे कशी जातात? वास घेत नाहीत, आई हाक मारत नाही. जिकडे क्षितिज जास्त उजळ तिकडे ती चालतात. मागे सुरूचं बन काळोखं, पुढे पाण्यावरचं उघडं आभाळ उजळ. एवढ्यावर त्यांचं सगळं चालतं. म्हणून मोबाईलची बॅटरी लावू नका, फ्लॅश मारू नका, हे कासवमित्र लोकांना मागे ठेवायला बांधलेल्या दोरीशी उभं राहून दर संध्याकाळी घसा फोडून सांगतात.

एका संध्याकाळी पिल्लं सोडली. दोरीच्या दोन्ही बाजूंना माणसं, सगळे मोबाईल बंद, सगळे शहाण्यासारखे. पहिल्या रांगेत आईच्या मांडीवर एक मुलगी, पायात ते बूट. ती पाय आपटत होती आणि बूट लुकलुकत होते. अंधार पडत आलेला. दहा-बारा पिल्लं पाण्याकडे निघाली, त्यातली तीन वळली आणि तुरुतुरु मुलीकडे चालू लागली. आई हरखली. “बघ बघ, तुझ्याकडेच येतंय! तिला ओळखलं!” झालं. आजूबाजूच्यांना वाटलं काहीतरी चमत्कार चाललाय. मागचे पुढे आले, दोरी खाली गेली, कोणीतरी शूटिंग करायला मोबाईल काढला आणि त्याच्याबरोबर बॅटरी लागली. ती बघून आणखी पिल्लं वळली. आमचे भावोजी, एरवी आवाज न चढवणारा माणूस, ओरडले, “कोणी पाऊल हलवू नका!” पन्नासेक माणसं एका पायावर, दोन पायांवर, जमेल तशी पुतळा झाली. कासवमित्रांनी वाकून एकेक पिल्लू शोधलं. सगळी सापडली, पण मध्ये बराच वेळ गेला, आणि तो वेळ पिल्लं उलट्या दिशेला चालून दमत होती. अंड्यातून आणलेली शिदोरी समुद्रात पोहून लांब जायला असते, माणसांच्या पायात फिरायला नसते.

मुलीची चूक नव्हती. बूट काढायला सांगितले तर आई म्हणाली, “अहो, तिच्या पायाला वाळू लागेल.”

वाळूत आणलंय, वाळू लागणारच. पुळणीवर मुलाला अनवाणी आणा. दुपारची तापलेली वाळू असेल तर साधे रबरी सँडल, आणि संध्याकाळी दोरीशी पोचल्यावर तेही पिशवीत. लुकलुकणारं खेळणं, चमकणारी बाटली, वाजणारी शिट्टी, सगळं खोलीवर ठेवा. पहिली रांग नेहमी बसलेली असावी. मूल मांडीवर, तुमचे दोन्ही हात मुलाच्या पोटाभोवती. खांद्यावर बसवू नका. मागच्यांना दिसत नाही, आणि वरून मुलाला पिल्लू म्हणजे वाळूवरचा ठिपका. खाली बसलं की पिल्लू त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येतं. फोटो एकानेच काढायचा, दुसऱ्याने फक्त मूल धरायचं. दोघांनीही फोटो काढायचे ठरवलं की मूल दोरीच्या आत असतं, हे मी सांगायला नको.

आणि हातात द्या म्हणू नका. “एकदाच, फोटोपुरतं.” कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. शिवाय ते पिल्लू वाळूवरून स्वतः चालत गेलं पाहिजे. याच चालण्यात त्याच्या मनात किनाऱ्याची खूण पक्की होते असं जाणकार मानतात. हातावर घेऊन पाण्यात सोडणं म्हणजे त्याच्या उपयोगाचं काही केलं असं नाही.

भरती-ओहोटी न बघता येणारे लोक. याला आमच्याकडे जुना हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. प्रत्यक्षात बाराच्या आसपास धरा. म्हणजे त्या दिवसांत संध्याकाळी सहाला ओहोटी, आणि पुळण लांबच लांब पसरलेली. पाणी मागे गेलेलं दिसतं म्हणून आईबाप निर्धास्त होतात आणि मूल ओल्या वाळूवरून थेट पाण्याच्या दिशेने सुटतं. उधाणाच्या दिवसांत ते पाणी परत फिरतं तेव्हा भरभर येतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, जोर कमी, पण पुळण अरुंद, गर्दी एकमेकांना चिकटून. माझ्या मते लहान मुलासाठी तेच दिवस बरे. कॅलेंडर घरात भिंतीवर असतंच, बघायला पैसे पडत नाहीत. समुद्रात डुंबायला मात्र मुलाला कुठल्याच तिथीला नेऊ नका. इथे जीवरक्षक नाहीत.

दुपारची झोप बुडवू नका. ही चूक इतकी साधी आहे की सांगायला लाज वाटते, पण संध्याकाळी सहाला पुळणीवर रडणारी निम्मी मुलं न झोपलेली असतात. दुपारी माजघरात पंख्याखाली झोपवा. गोष्ट हवी असेल तर ‘प्रथमा’ची सांगा: २०२२ च्या जानेवारीत वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसवून तिला सोडलं, तिचं हे नाव. आंजर्ल्याच्या मादीचं ‘सावनी’. पाठीवर दप्तर घेतलेलं कासव मुलांना लगेच पटतं.

खाण्याचं थोडक्यात. मऊ भात, तूप, मेतकूट. आमचं कुळथाचं पिठलं आणि सोलकढी मोठ्यांसाठी. उकडीचे मोदक मुलाला एकच, तोही दुपारी. बाहेरच्या कुरकुऱ्यांची पाकिटं पुळणीवर आणू नका, कारण सांडलेल्या खाऊमागे कुत्री येतात, कावळे येतात, आणि ती नंतर तिथेच रेंगाळतात. पिल्लं बाहेर पडायची जागाही तीच.

डासांसाठी मच्छरदाणी मागून घ्या, लाजू नका. औषधं तुमची तुम्हीच आणा. रात्री दुकान उघडं सापडायचं नाही.

पिल्लं सोडून झाली की लगेच पळू नका. सगळ्या गाड्या एकदम निघतात, अरुंद रस्त्यावर अडकतात आणि भुकेलं मूल गाडीत किंचाळतं. अर्धा तास सुरूच्या बनाशी बसा. सकाळची वेळ असेल तर खेकडे दाखवा. पांढुरके, भुतासारखे पळणारे, बिळात शिरून पुन्हा डोकावणारे. दीड वर्षाच्या मुलाला कासवापेक्षा हेच कळतात, कारण ते त्याच्याच वेगाने हलतात आणि त्याच्यासारखेच दचकतात. मार्चपर्यंत कुरवांचे थवेही असतात. मुलं त्यांच्या मागे धावतात, थवा उठतो, पुन्हा बसतो. मजा येते हे खरं, पण त्या पक्ष्यांना पुढे लांबचा पल्ला उडायचा असतो, तेव्हा लांबूनच दाखवा.

पायाला लागलेली ओली वाळू टॉवेलने घासू नका, कातडी सोलते. आधी सुकू द्या, मग झटका. आणि गोळा केलेले शंख पिशवीत भरण्याआधी एकेक उलटा करून आत बघा. आत खेकडा बसलेला असतो. तो तुमच्या गाडीत मेला आणि दुसऱ्या दिवशी वास सुटला तर “तुमच्या मासळीचा वास गाडीला लागला” म्हणून मला फोन करू नका.