फ्रिजमधली अंडी पारखताना या चुका टाळा

बेळगावात बहुतेक घरांत अंडी सुटीच येतात. दुकानातून डझनाने किंवा ३० च्या ट्रेने, आणि शनिवारच्या बाजारात खेड्यांतून आलेल्या मावशींकडून गावठी. त्यांवर तारीख नसते, त्यामुळे आठ-दहा दिवसांनी शंका आली की अंडे बुडते की तरंगते हे पाहायला प्रत्येक जण पाण्याचे पातेले पुढे ओढतो. मला सर्वांत जास्त खटकणारी चूक हीच आहे.

अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून आतला ओलावा हळूहळू उडून जातो आणि रुंद टोकाकडची हवेची पोकळी वाढत जाते. म्हणून ताजे अंडे तळाशी आडवे पडते, जुने उभे राहते आणि फार जुने तरंगते. पाणी अंड्याचे वय सांगते, एवढेच. आत साल्मोनेलाचे, म्हणजे ताप-जुलाब घडवणारे जंतू आहेत की नाहीत हे ते सांगू शकत नाही, आणि त्या जंतूंमुळे वास, चव किंवा रंग बदलेलच असे नाही.

काही वर्षांपूर्वी जुलैच्या धो-धो पावसात आमच्या गल्लीतली वीज रात्री गेली, ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. शेजारच्या वहिनींचा फ्रिज आतून कोमट झाला होता. अंडी दोनच दिवसांची होती आणि पाण्यात घातल्यावर सगळी आडवी पडली, तेव्हा ‘वहिनी, खुशाल वापरा’ असे मीच सांगितले. मुलांसाठी त्यांनी वाहत्या बलकाचे हाफ फ्राय केले. दुसऱ्या दिवशी दोन्ही मुलांना ताप आणि जुलाब सुरू झाले, धाकटीला सलाईन लावावे लागले. मी पाण्याच्या परीक्षेविषयी सांगू लागले, तेव्हा डॉक्टरांनी दोनच गोष्टी विचारल्या: अंडी किती तास गारव्याबाहेर होती, आणि बलक घट्ट शिजला होता का? त्या दोन प्रश्नांची उत्तरे पातेल्यातल्या पाण्याकडे नव्हती, आणि मुलांचे ते चेहरे मी अजून विसरलेले नाही.

तेव्हापासून अंडी घरात आली की मी प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख लिहिते. ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून गार फ्रिजमध्ये अंडी ३ ते ५ आठवडे टिकतात असे सांगितले जाते, परंतु आपल्याकडे ती त्याआधी दुकानात बिनफ्रिजची किती दिवस होती हे कळत नसल्याने मी ३ आठवड्यांवर थांबते. दार न उघडलेला फ्रिज वीज गेल्यावर सुमारे ४ तास गार राहतो. त्यानंतर २ तासांहून अधिक काळ कोमट राहिलेली अंडी मी टाकून देते, मग ट्रे भरलेला असला तरी. लहान मुले, वयस्कर माणसे आणि गरोदर बायकांसाठी तर पांढरे आणि बलक दोन्ही घट्ट होईपर्यंतच शिजवावे.

दुसरी चूक उतावळेपणाची. गावठी अंड्यांना माती-विष्ठा लागलेली दिसली की पिशवी खाली ठेवण्याआधीच ती नळाखाली धरली जातात. कवचावर छिद्रे झाकणारा एक नैसर्गिक पातळ थर असतो, तो धुण्याने जातो. शिवाय थंड पाण्याने आतला भाग आकसतो आणि बाहेरचे मळके पाणी छिद्रांतून आत ओढले जाते. म्हणजे स्वच्छतेच्या नावाखाली आपणच घाणीला वाट करून देतो. मी कोरड्या फडक्याने पुसून ठेवते, आणि फारच मळलेले अंडे फोडायच्या क्षणी धुऊन लगेच शिजवते. फ्रिजमधून काढलेल्या अंड्यांना घाम सुटतो, तीही पुन्हा आत ठेवू नयेत. लागतील तेवढीच बाहेर काढावीत.

अंडी फ्रिजच्या दारात ठेवू नयेत, तिथला गारवा दर उघडझापीला बदलतो. कानाशी हलवून पाहण्याला काहीच अर्थ नाही. केसाएवढी चीर असलेले अंडे आणू नये, घरी आढळले तर टाकावे. थेट तव्यात न फोडता प्रत्येक अंडे आधी वाटीत फोडावे. कुजका वास आला किंवा पांढरे गुलाबी वा हिरवट दिसले तर ते पुढे जाऊ देऊ नये. बलकावरचा रक्ताचा ठिपका मात्र निरुपद्रवी असतो, आणि पांढरे दुधाळ दिसणे हे ताजेपणाचे लक्षण आहे. ती अंडी टाकून देणारे लोक पाहिले की मला वाईट वाटते. उकडलेली अंडी फ्रिजमध्येही आठवडाभरात संपवावीत.