समोरचा किरकोळ दिसतो तेव्हा

जत्रेच्या मैदानात जोड लागते आणि समोर काटकुळा, आपल्याहून हलका पोरगा येतो. नव्या पैलवानाचे गुडघे तिथेच सरळ होतात. कडेला उभ्या वस्तादाला हे पहिल्यांदा दिसतं. प्रतिस्पर्ध्याला कमी लेखणं मनात असतं असं आपण म्हणतो, पण कुस्तीत ते अंगात उतरतं: गुडघे ताठ, कोपरं बरगड्यांपासून लांब, मान सैल. म्हणून ते मोडायचंही अंगानंच.

मातीत जोड बऱ्याचदा नजरेनं ठरते. मॅटसारखे काटेकोर वजनगट नसतात, त्यामुळे पाच-सात किलोंचा फरक सहज पडतो. हलक्या पैलवानाला याची सवय असते. थोराड गड्यांशी लढतच तो तयार झालेला असतो, त्यामुळे पटात घुसणं (पट म्हणजे समोरच्याचे पाय धरून पाडण्याचा डाव), हातातून निसटणं आणि मागे जाऊन कब्जा घेणं यांत तो तुमच्यापेक्षा मुरलेला असण्याची शक्यता जास्त. त्याचे कान बघा. फुगून गाठीसारखे झाले असतील तर बरीच वर्षं मातीत गेली आहेत. कान धड असले म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका.

सलामी झाली की खडाखडीतली, म्हणजे उभ्याउभ्या हातांच्या झटापटीतली, पहिली तीस-चाळीस सेकंदं फक्त तपासणीला द्या. कोणता पाय पुढे ठेवतो? डावा पुढे असेल तर रोजच्या सरावातले निम्मे डाव उलट्या बाजूनं करावे लागतील. मनगट धरून एकदा ओढा: फक्त पाऊल सरकलं तर त्याचा तोल पक्का आहे, कंबर पुढे आली तर पट मिळेल. मानेवर हात टाकून दाबा. मान लवलीच नाही तर ढाकेचा (मान धरून, वळून कमरेवरून फेकण्याच्या डावाचा) विचार सोडा, कारण ढाकेला वळताना पाठ त्याच्याकडे जाते आणि अर्धवट वळलेला पैलवान आयता हाती लागतो.

सगळ्यात जास्त कुस्त्या जातात त्या बेफिकीर एकेरी पटानं. नीट पटात आधी हातानं हुलकावणी, मग दोन्ही गुडघे वाकवून पुढचा गुडघा त्याच्या पायाजवळ, डोकं वर आणि त्याच्या बरगडीला चिकटलेलं, हात गुडघ्यामागे बांधलेले. ‘याला काय, असाच उचलतो’ म्हणणारा गुडघ्यांऐवजी पाठ वाकवतो, डोकं खाली घालतो आणि एकाच हातानं पाय शोधतो. समोरचा दोन्ही पाय मागे फेकून छातीचा भार तुमच्या मानेवर टाकतो आणि फिरून मागे जातो. मॅटवर इथेच 2 गुण गेले. मातीत पुढे घिस्सा आहे, म्हणजे खाली आलेल्याला ओढून पाठीवर पलटवणं. अशा वेळी हात टेकून उठायची घाई करू नका. लांब झालेला हात तो ओढून घेतो आणि तुम्ही पलटता. कोपरं पोटाशी घ्या, आधी कमरेवरची त्याची पकड सोडवा, मगच उठा.

दुसरी चूक दमाची. सोपा गडी समजून पहिल्या मिनिटातच ताकदीनं उचलाउचली केली की हात भरून येतात. मग डाव आठवतो, पण पकड टिकत नाही.

पुढे असतानाही हेच. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 6 ऑगस्ट 2024 ला 50 किलो गटात जपानची युई सुसाकी विनेश फोगाटवर 2-0 नं पुढे होती. टोकियोची सुवर्णविजेती सुसाकी तोवर परदेशी पैलवानाकडून कधी हरली नव्हती. शेवटच्या काही सेकंदांत विनेशनं तिला खाली घेऊन 2 गुण मिळवले, जपानची हरकत फेटाळली गेल्यानं आणखी एक गुण मिळाला आणि निकाल विनेशच्या बाजूनं 3-2 लागला. सुसाकीनं विनेशला हलकं घेतलं असं आम्ही म्हणणार नाही. पण मॅटवरच्या सहा मिनिटांत दोन गुणांची आघाडी एका पटाएवढीच असते, हे नव्या पोरांनी आकड्यानिशी लक्षात ठेवावं.

सरावात यासाठी वस्तादांना सांगून आठवड्यातून दोन दिवस स्वतःपेक्षा हलका पण चपळ जोडीदार मागा. तीन मिनिटं नुसती खडाखडी करा, उचलायला मनाई. जोडीदारानं किती वेळा पायाला हात लावला ते तिसऱ्यानं मोजावं. पहिल्या दिवशी तो आकडा बघून थोराड पोरं गप्प होतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे गुडघे वाकलेले असतात.